उन्हाची झाडं, पावसाचे तालुके

मंचर, नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव. या बाजारपेठांमधल्या रोपवाटिकांच्या दारात आता गुलाब-जास्वंदीच्या बरोबरीने चार बोटांच्या कुंड्यांची एक रांग मांडलेली असते. जाड पानांची, फुगीर बुडाची, काटेरी खोडाची झाडं. विकणारा सांगतो, ‘याला काही लागत नाही, ऊन द्या आणि विसरून जा.’ घेणारा खूश होतो. वटपौर्णिमेपर्यंत झाड तरतरीत असतं. नागपंचमीच्या आसपास ते बुडाशी मऊ पडतं, आणि गौरी-गणपतीला घर आवरताना कुंडी रिकामी करून माळ्यावर जाते.

सक्युलंट, म्हणजे पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवणाऱ्या रसाळ वनस्पती, घरी कशा सांभाळाव्यात यावर मराठीत आता मजकुराची कमतरता नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्या आहेत, बागकामाची पुस्तकं आहेत, मोबाइलवर रोज नवी चित्रफीत आहे, आणि शेजारच्या काकूंचा अनुभव तर आहेच. या सगळ्यातलं पुष्कळसं चुकीचं नाही. ते दुसऱ्या कुठल्या तरी हवेसाठी लिहिलेलं आहे, एवढंच. आंबेगाव-जुन्नरच्या हवेत त्यातलं काय टिकतं आणि काय गळून पडतं, हे पाहण्यासाठी हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो: इथे उन्हाची चिंता करण्यात जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा जरी पाण्याच्या निचऱ्यावर घालवला, तरी बहुतेक झाडं वाचतील.

ही झाडं आपल्याला नवी नाहीत. कोरफड प्रत्येक वाड्यात होती. शेताच्या बांधाला घायपात, वईला शेर, डोंगरउतारावर निवडुंग, परसात पानफुटी, पावसाळ्यात ताटात घोळाची भाजी. ही सगळी याच गोतावळ्यातली. चाळीच्या कठड्यावर डालड्याच्या डब्यात फुलणारा चिनी गुलाब, ज्याला निम्मा महाराष्ट्र ‘ऑफिस टाइम’ म्हणतो, तोही सक्युलंटच. ऊन चढलं की उमलायचं आणि दुपार कलली की मिटायचं, हा त्याचा शिरस्ता सगळ्यांनी पाहिलेला आहे. कॅक्टस मात्र मूळचे अमेरिका खंडातले. आपला डोंगरावरचा चिकाचा निवडुंग कॅक्टस नाही, तो युफोर्बियाच्या घराण्यातला. बांधावरचा फड्या निवडुंग खरा कॅक्टस, पण परदेशातून आलेला आणि इथे बेसुमार माजलेला. १७९५ मध्ये किरमिजी रंगासाठी ब्राझीलहून कीटक आणले गेले. ते हव्या त्या जातीचे निघाले नाहीत, रंगाचा धंदा बसला, पण त्यांनी एका जातीच्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरी जात आणून दक्षिण हिंदुस्थानातला उरलेला माजही उतरवला. निवडुंग खाणारे हे किडे आपल्या मिलीबगचे भाऊबंद. कुंडीतल्या झाडाच्या काखेत कापसासारखं काही दिसलं की हा इतिहास आठवावा.

आता या तालुक्यांचा मानाचा सक्युलंट. जगाच्या वनस्पतिशास्त्राला तो माहीत झाला तो जुन्नरमुळे, आणि जुन्नरमधल्या पुष्कळांना तो अजून माहीत नाही.

नारायणगावजवळच्या हिवऱ्यात एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर दापोडीच्या उद्यानाबरोबर तेही पाहायचा. लष्करी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती तिथे वाढवल्या जात. हाच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच्यासोबत १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ लिहिणाऱ्या निकोल अलेक्झांडर डॅल्झेलने १८६५ मध्ये याच परिसरातल्या डोंगरांवरच्या एका वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं: फ्रेरिया इंडिका. शास्त्रज्ञ तिला आता बाउसेरोसिया या प्रजातीत घालतात. स्थानिक नाव शिंदळ माकुडी. शिवनेरीवर ती आढळते म्हणून अलीकडे ‘शिवसुमन’ हे नाव जास्त चालतं. शिवनेरीखेरीज पुरंदरचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वरकडचा आंबेनळी घाट, नगर जिल्ह्यातलं रंधा अशा मोजक्या ठिकाणीच ती सापडते. सगळी ठिकाणं महाराष्ट्रातली. जगात इतरत्र ती रानात नाही.

घरी सक्युलंट वाढवणाऱ्याने शिवसुमनच्या राहणीचा अभ्यास करावा, असं मला फार वाटतं. बोटाएवढी जाड, लोंबती खोडं, उभ्या कातळाच्या भेगेत मुळं. पाऊस सुरू झाला की खोडांना मांसल हिरवी पानं फुटतात. पावसाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर फुलं येतात: पाच पाकळ्यांची, किरमिजी-तपकिरी, वर पिवळे ठिपके, रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान-मोठी चांदणीच. परागीभवन माश्या करतात. उन्हाळा लागला की पानं गळतात आणि नुसती खोडं पुढच्या मृगाची वाट पाहत कड्याला लटकतात. तिचे बहुतेक नातलग, आपल्याकडचं माकडशिंग किंवा आफ्रिकेतले स्टॅपेलिया, पानं टाकून नुसत्या खोडावर आले. हिने खरी पानं राखली, म्हणून अभ्यासकांना तिचं एवढं अप्रूप.

या झाडावर पाऊस काही थोडाथोडका पडत नाही. चार महिने तो कोसळतच असतो. तरी ते कुजत नाही, कारण त्याच्या मुळाशी पाणी थांबत नाही. भेगेत मातीची चिमूट, खाली काळ्या कातळाचा उतार, आजूबाजूला सतत वारा. म्हणजे सक्युलंट पाण्याने मरतं हे अर्धंच खरं. मुळाशी साचलेल्या पाण्याने मरतं, हे पूर्ण. ऊनही तिथे दिवसभर सारखं नसतं. कड्याचं तोंड ज्या दिशेला, तेवढ्या वेळेचं ऊन, बाकी वेळ लख्ख उजेड. आपल्या गॅलरीची परिस्थिती याहून फारशी वेगळी नाही.

उन्हाचा सल्ला बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात उरकलेला असतो: दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा. हे वाक्य युरोपातून आलेलं आहे. लंडनमध्ये डिसेंबरातल्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. तिथे दक्षिणेची खिडकी हाच आधार. जुन्नर साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटाला इथे भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि मधल्या सव्वादोन-अडीच महिन्यांत तो चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. डिसेंबरात दुपारी त्याची उंची ४७ अंशांच्या आसपास. याचा हिशेब घरात असा लागतो: वर छज्जा असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन आतल्या भिंतीपर्यंत येतं, पण मे महिन्यात कुंडीवर उन्हाची तिरीपही पडत नाही. पश्चिमेच्या खिडकीत वैशाखातली दुपार भाजते आणि वर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. पूर्वेची बाजू सगळ्यांत भली. सकाळचं पाच तास ऊन मिळालं की बहुतेक सक्युलंटचं भागतं. कुंडी वर्षभर एकाच जागी ठेवायची हा हट्ट सोडला, तर कुठलीही दिशा चालते.

रोपवाटिकेतलं झाड शेडनेटखाली वाढलेलं असतं. ते आणल्या दिवशी गच्चीत ठेवलं तर पानांवर पांढरट, मग तपकिरी चट्टे पडतात, आणि ते चट्टे पुढे कधीच जात नाहीत. दोन-तीन आठवडे हळूहळू उन्हाची सवय लावायची, हे सगळी पुस्तकं सांगतात आणि ते बरोबर आहे. पुस्तकं सांगत नाहीत ती गोष्ट ऑक्टोबरची. चार महिने ढगाखाली राहून झाडाची कातडी हळवी झालेली असते. हस्त नक्षत्र संपतं, आभाळ एकदम निवळतं आणि त्याच जागेवर, त्याच कुंडीत झाड आठवड्यात करपतं. झाड तेच, जागा तीच, म्हणून कुणाला उन्हाचा संशय येत नाही. रोग समजून औषध मारलं जातं. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत दुपारची सावली द्यावी. मार्च ते मेमध्ये इचेव्हेरियासारख्या गुलाबाच्या आकाराच्या झाडांवर पस्तीस ते पन्नास टक्क्यांची शेडनेट पुरते. टोमॅटोच्या आणि भाजीपाल्याच्या रोपवाटिकांच्या या मुलखात शेडनेटचा तुकडा मिळवणं अवघड नाही.

ऊन कमी पडतंय हे झाड स्वतः सांगतं. पानांमधलं अंतर वाढतं, मान खिडकीकडे वळते, रंग फिका पडतो. असं लांबलेलं खोड परत आखडत नाही. शेंडा छाटून नव्याने लावणं हाच उपाय.

या झाडांना ऊन सोसतं कसं, याचं उत्तर रात्रीत आहे. साधं झाड दिवसा पानाची रंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्या नादात पाणी गमावतं. बहुतेक सक्युलंट रंध्रं रात्री उघडतात, वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद करून त्याचं अन्न करतात. याची पहिली ओळखीची नोंद हिंदुस्थानातलीच, आणि तीही आपल्या पानफुटीवरची. बेंजामिन हाइन या वनस्पतितज्ज्ञाने पानफुटीचं पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिलं: पहाटे चुक्यासारखं आंबट, दुपारपर्यंत बेचव. १८१३ मध्ये पत्राने कळवलेलं हे निरीक्षण दोन वर्षांनी लंडनच्या लिनिअन सोसायटीने छापलं. (वाचकांनी हा प्रयोग करू नये; पानफुटीच्या जातीत हृदयाला बाधणारी द्रव्यं असतात.) यातून घरच्या कामाचं एक सूत्र निघतं. रात्र गार असेल तर झाड मोकळा श्वास घेतं. मुंबईच्या दमट, उकाड्याच्या रात्रीत मेक्सिकोच्या पठारावरचं इचेव्हेरिया कुढतं. जुन्नरला समुद्रसपाटीपासून साडेसहाशे-सातशे मीटर उंचीवर, हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरत असताना, तेच झाड कडेने गुलाबी होतं. मुंबईच्या नातेवाइकांनी ‘आमच्याकडे जगत नाही’ म्हणून दिलेली कुंडी इथे सुधारते, त्यात आपल्या हाताच्या गुणापेक्षा रात्रीच्या हवेचा वाटा मोठा असतो.

पावसाचं मात्र सगळं मुळातूनच पाहायला हवं. ‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा नियम इथे निरुपयोगी आहे, कारण हे दोन तालुके पावसाच्या दृष्टीने एक नाहीतच. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकर, आंबे-हातवीज, नाणेघाट. तिथे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात आणि आठवडेच्या आठवडे धुकं हटत नाही. पूर्वेला बेल्हे, आळे, लोणी-धामणी. तिथे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. मधे जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. आहुप्याच्या घरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुंडीला घोटभरही पाणी घालायला नको, हवेतला दमटपणा पुरतो. लोणी-धामणीच्या अंगणात त्याच महिन्यांत पावसाने ओढ दिली तर हाताने घालावं लागेल. तेव्हा नियम दिवसांचा नको, मातीचा हवा. अगरबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसायची. ओली माती चिकटून आली तर पाणी नाही. कोरडी आली तर भरपूर घालायचं, खालच्या भोकातून वाहून जाईल एवढं, आणि पुन्हा पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं. रोज चमचा-चमचा पाणी देणं हा सर्वांत वाईट प्रकार. वरची माती ओली राहते, मुळं खाली जात नाहीत आणि कूज लागते. खालची पानं किंचित सुरकुतली तर घाबरू नये. पाण्याने ती एक-दोन दिवसांत भरून येतात. पानं पिवळी, पारदर्शक आणि मऊ झाली तर मात्र पाणी जास्त झालेलं आहे, आणि तिथे पाणी घालणं म्हणजे बुडत्याला लोटणं.

पावसाळ्यातला सर्वसाधारण सल्ला ‘झाडं घरात घ्या’ असा असतो. घरात पाऊस नसतो, पण उजेडही नसतो. आषाढात तर नाहीच. सप्टेंबरात लांबट, फिकट झाडं बाहेर काढायची आणि ऑक्टोबरात ती भाजून घ्यायची, हे चक्र बहुतेक घरांत चालतं. शेडनेट पाऊस अडवत नाही, नुसता चाळून देते. इथला खरा उपाय शेतकऱ्याच्या दारात पडलेला असतो: पॉलिहाऊसचा उतरवलेला कागद. पिकासाठी जुना झालेला हा पारदर्शक कागद चार बांबूंवर उतरता ताणला की पाऊस अडतो आणि उजेड येतो. बाजू उघड्या ठेवायच्या, कारण वारा कोंडला तर बुरशी आलीच. एवढं छप्पर केलं की निम्मी लढाई संपते. वळचणीखाली कुंड्या मांडू नयेत हे सांगायला नको, तरी मांडलेल्या दिसतात; पत्र्यावरून पडणारी धार मुळाशी खड्डा करते. मार्च-एप्रिलमधल्या गारपिटीत या कागदाला वरून शेडनेट असेल तर पानं फुटण्यापासून वाचतात.

पूर्व भागात आणखी एक अडचण आहे, कूपनलिकेचं क्षारयुक्त पाणी. मातीच्या कुंडीवर पांढरी पुटं चढतात ती त्याचीच. वर्षातून एकदा तरी पावसाच्या पाण्याने कुंडी आरपार धुऊन काढावी.

माती हा या सगळ्याचा गाभा आहे. नदीकाठच्या काळ्या मातीने या तालुक्यांना ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं दिली. तीच माती कुंडीत सक्युलंटचा जीव घेते. भिजली की फुगते, सुकली की भेगाळते आणि मुळं तोडते. बागकामाच्या पुस्तकांत परलाइट आणि प्युमिस सांगितलेलं असतं. मागवलं तर येतं, पण मुळात गरज नाही. आपल्याकडे मुरूम आहे. मुरूम म्हणजे झिजलेला सह्याद्रीच. शिवसुमन ज्या कातळावर वाढते त्याचाच चुरा. चाळून धूळ काढून टाकायची, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे. असा मुरूम दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत एक भाग, विटांचे तुकडे आणि कोळसा मिळून एक भाग. पश्चिमेकडच्या भातपट्ट्यात भाताचं तूस जाळून काळं केलेलं मिळतं, ते कोळशाच्या जागी उत्तम. पश्चिमेच्या पावसात खताचा भाग निम्म्यावर आणावा. धूळ न काढता मुरूम वापरला तर त्याचं सिमेंट होतं. बारीक वाळूचंही तेच, आणि क्रशरच्या चुऱ्याचंही.

विकत आणलेलं झाड बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं. कोकोपीट रोपवाटिकेला सोयीचं: हलकं, स्वस्त, पाणी धरून ठेवणारं. घरी त्याचे दोन दोष, ओलं झालं की आठवडाभर ओलं आणि पूर्ण सुकलं की पाणी पिईनासं. म्हणून झाड आणल्यावर कोकोपीट झाडून मुळं मोकळी करायची, दोन-चार दिवस सावलीत सुकू द्यायची आणि मुरमाच्या मिश्रणात लावायची. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगात लावलं की जगतं, हा इथल्या शेतकऱ्याच्या रक्तातला नियम आहे, आणि सक्युलंटच्या बाबतीत तो उलटा पडतो. तुटलेल्या मुळांची जखम ओल्या हवेत भरत नाही, तिथूनच कूज शिरते.

कुंडी मातीची, कुंभाराकडची, भोक मोठं आणि खाली बशी नको. चिनी मातीचे बिनभोकाचे सुंदर कप भेट म्हणून ठीक. काळी प्लॅस्टिकची पिशवी गच्चीवर मेमध्ये इतकी तापते की मुळं शिजतात.

खताबद्दल थोडक्यात. शेतकऱ्याच्या घरात १९:१९:१९ ची पुडी असतेच आणि हात शिवशिवतात. टोमॅटोला जे लागतं त्याने सक्युलंट फुगतं, मऊ पडतं, किडीला आवडतं. वाढीच्या दिवसांत एक-दोनदा, शेतातल्या प्रमाणाच्या पाव भागाहूनही पातळ, बस्स.

प्रत्येक झाडाचं मूळ गाव वेगळं, त्यामुळे ‘सक्युलंट’ म्हणून एकच नियम लावता येत नाही. अडेनियम आफ्रिका-अरबस्तानच्या उन्हातलं. त्याला इथली गच्ची मानवते, बुंधा डेरेदार होतो, पण नोव्हेंबर ते जानेवारी पानं गळून ते झोपतं, तेव्हा पाणी जवळजवळ बंद. लोक नेमकं तेव्हाच झाड मेलं म्हणून पाणी वाढवतात. जेड आणि कोरफड दोन्ही सोशिक. कोरफड कडक उन्हात लालसर झाली तर आजारी नसते. हावर्थियाला आणि स्नेक प्लांटला उन्हातली मानायचं कारण नाही, त्यांना खिडकीचा उजेड बरा. आणि महाराष्ट्रात घरोघर ज्याला ‘ब्रह्मकमळ’ म्हणतात, पावसाळ्यातल्या एका रात्री फुलतं आणि शेजारीपाजारी आरतीचं ताट घेऊन येतात, तो खरं तर झाडांच्या फांद्यांवर सावलीत वाढणारा अमेरिकेतला कॅक्टस आहे. त्याला कडक ऊन दिलं तर पिवळा पडतो. उलट चिनी गुलाबाला सावलीत ठेवलं तर एक फूल मिळायचं नाही. ड्रॅगनफ्रूट कॅक्टसच, आणि पुणे जिल्ह्यात आता शेतात लावतात. पण त्याच्याही फांद्या उन्हाळ्यात भाजतात आणि शेतकऱ्यांना सावलीची सोय करावी लागते. ‘कॅक्टस म्हणजे कितीही ऊन’ या समजुतीला एवढा पुरावा पुरे.

कोरफडीवरून एक जुनी रीत आठवते. दृष्ट लागू नये म्हणून मुळासकट कोरफड दाराच्या चौकटीला उलटी टांगायची. ती मातीशिवाय, पाण्याशिवाय कित्येक महिने हिरवी राहते. ‘विसरून जा’ या सल्ल्याची मुळं अशाच दृश्यांत आहेत. पण टांगलेली कोरफड वाढत नसते, साठवलेलं खात असते. तग धरणं आणि वाढणं यांतला फरक लक्षात न घेतल्यामुळे या झाडांच्या काटकपणाचा डांगोरा फार पिटला गेला आहे.

किडींत मिलीबग सर्वांत त्रासदायक. द्राक्षबागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको. कुंडीत मुंग्यांची रांग दिसली तर आधी पानांच्या बेचक्यात पाहावं; मुंग्या त्याच्या गोड द्रवासाठी येतात आणि त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर पोहोचवतात. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून एकेक टिपावा, आठवड्याने पुन्हा पाहावं, संध्याकाळी निंबोळी अर्क फवारावा. मुळांवरही तो बसतो. वर काही दिसत नाही आणि झाड मात्र खंगत जातं, तेव्हा कुंडी उपडी करून पाहावी. द्राक्षावर मारायचं उरलेलं औषध गॅलरीतल्या झाडावर मारण्याची पद्धत घरातल्या लहान मुलांसाठी धोक्याची आहे. शंका असेल तर नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येतात, त्यांना हाताने वेचण्याहून चांगला उपाय नाही. बुडाशी कूज दिसली तर औषधाच्या मागे न लागता चांगला भाग दिसेपर्यंत खोड कापावं, आठवडाभर सुकवावं आणि कोरड्या मुरमात टेकवून ठेवावं.

छाटलेल्या फांद्यांबाबत गावाकडे विशेष सांभाळायला हवं. निवडुंग-शेराचा चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे जावं. अडेनियमचा रस विषारी आहे. आफ्रिकेत तो बाणाच्या टोकाला लावत. पानफुटी-कलांचोने गुरं दगावतात. या फांद्या उकिरड्यावर टाकल्या की शेळी तिथे पोहोचलीच म्हणून समजा. पुरून टाकाव्यात.

राहिली शिवसुमन. भारताच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या नोंदीत ती आहे. रानातून काढलेली ही वनस्पती परदेशी पाठवायला केंद्र सरकारची बंदी आहे. तिच्यावर संकटं अनेक: चराई, वणवे, दगडखाणी, दरडी कोसळणं. त्यात अलीकडे हौशी संग्राहकांची भर पडली आहे. ज्याला दुर्मीळ म्हटलं ते आपल्या गॅलरीत हवं, ही हौस फार वाईट. गंमत अशी की कुंडीत ती अवघड मुळीच नाही. युरोप-अमेरिकेतले सक्युलंटप्रेमी ती काचघरात वाढवतात. आपल्याकडे शिरवळजवळच्या शिंदेवाडीतल्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रासारख्या संस्थांनी तिच्या अभिवृद्धीचं काम केलं आहे. खोडाचा तुकडा सहज मूळ धरतो. टांगती कुंडी, निव्वळ मुरमाचं मिश्रण, सकाळचं ऊन, वर पारदर्शक छप्पर, उन्हाळ्यात पानं गळाली की पाणी बंद, जूनपासून पुन्हा सुरू. एवढंच तिचं मागणं. ज्या झाडाचं पहिलं वर्णन हिवऱ्याच्या परिसरातून झालं, ते जुन्नर-आंबेगावच्या शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या आवारात कलमांवरून वाढलेलं दिसायला हवं. ते काम वनस्पतिशास्त्राचे शिक्षक आणि वनखातं मिळून सहज करू शकतील.

तोपर्यंत शिवनेरी चढताना कड्याच्या भेगेत ती दिसली तर फोटो काढा आणि पुढे चला, फांदी तोडू नका. विकत देणारा भेटला तर ती कुठल्या कुंडीतल्या झाडाची, हे आधी विचारा, आणि उत्तर देता आलं नाही तर घेऊ नका. ओळखीत कुणाकडे वाढवलेली असेल, तर मे संपता संपता त्यांच्याकडून बोटभर तुकडा मागून घ्या.